नाव एकच, बाटल्या तीन

(ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या आईबाबांसमोर एका फार्मसिस्ट ताईंनी केलेलं भाषण)

या टेबलावर तीन बाटल्या ठेवल्यात बघा, तिन्ही तापाचं औषध पॅरासिटामॉलच. ही छोटी ड्रॉपरवाली, हिच्यात १ एमएलला १०० एमजी. ही मधली, ५ एमएलला १२० एमजी. आणि ही डीएस, म्हणजे डबल स्ट्रेंथ, ५ एमएलला २५० एमजी. म्हणजे ड्रॉप्स मधल्या सिरपच्या चौपट स्ट्राँग झाले. बाळाचं औषध म्हणजे हलकंच असणार असं सगळ्यांना वाटतं, पण आहे उलटं, बाळाला थोडंसंच पाजावं लागावं म्हणून ते घट्ट केलेलं असतं.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला दुकान बंद करताना एका बाबांचा फोन आला, मुलगी ८ किलोची, नेहमी मधलं सिरप ४ एमएल घेते, आज बाटली संपली म्हणून घाईत दुसरीकडून ड्रॉप्स आणले आणि तेही ४ एमएलच पाजले, आता झाकणावर वेगळंच दिसतंय. ४ एमएल ड्रॉप्स म्हणजे ४०० एमजी! त्यांना सांगितलं, आता पुढचा डोस देऊ नका, बाटली घ्या आणि लगेच डॉक्टरांकडे जा. मुलगी ठीक आहे, पण तेच रात्रभरात चार वेळा गेलं असतं तर लिव्हरवर आलं असतं, आणि लिव्हरचा त्रास पहिल्या दिवशी दिसतच नाही, मूल खेळत असतं.

म्हणून "किती एमएल देऊ" असं विचारू नका, आधी वजन सांगा आणि बाटली दाखवा. एका वेळी किलोमागे १० ते १५ एमजी, दोन डोसमध्ये कमीत कमी ४ तास, ६ असले तर बरं, आणि २४ तासांत चारच्या वर नाही. १० किलोच्या मुलाला १०० ते १५० एमजी, म्हणजे ड्रॉप्स १ ते दीड एमएल, मधलं सिरप ४ ते ६, डीएस २ ते ३. वय बघून अंदाजे देऊ नका, दोन वर्षांची दोन मुलं सारख्या वजनाची असतात का?

आणि चमचा नको. काल मी घरातले चमचे सिरिंजने मोजले, चहाच्या चमच्यात ३ एमएल मावलं, पोह्याच्या चमच्यात ९. सिरिंज घ्या, बाटली नीट हलवा, गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडा, घशात एकदम नाही, ठसका लागतो. दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नका, अर्धं दूध राहिलं तर किती गेलं कळणार कसं?

सर्दीच्या सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, लेबल वाचा, नाहीतर डबल होतं. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक आम्लाची सिरप, हीही तापाचीच, पावसाळ्यात मनाने अजिबात नको, डेंग्यू असला तर रक्तस्रावाची भीती असते. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाईड हे तापाचं आणखी एक औषध, ते तर १२ वर्षांखालच्यांना २०११ पासून बंद आहे, कुणाच्या कपाटात जुनी बाटली असेल तर आजच काढा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर औषध घरी ट्राय करत बसू नका, थेट डॉक्टर, रात्र असली तरी.

आजी देते, आई देते, बाबा ऑफिसातून येऊन परत देतात, हे रोजचं आहे. फ्रिजवर कागद लावा, वेळ आणि एमएल लिहा, देणाऱ्यानेच लिहायचं. हे पेन घ्या, इथूनच घेऊन जा.