कॅनडाचा ‘डा’ कुणी खाल्ला?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर ‘चार लिंगांची चिमणी’ असं छापलंय म्हणून आज नेहमीपेक्षा गर्दी आहे, हे मला दिसतंय. विषय माझा, नाव कार्यकारिणीचं. त्या चार लिंगांकडे मी येणार आहे, काळजी नको. पण आधी गाणं. कारण बरीच वर्षं माझ्या डोक्यात एक खूळ आहे, आणि घरात ते ऐकून घ्यायला आता कुणी उरलेलं नाही.

खूळ असं की घराणी फक्त माणसांत नसतात. एका सामान्य, उकिरड्याशेजारीही दाणे टिपणाऱ्या पक्ष्यात तालीम आहे, परंपरा आहे. आणि कुठल्या तरी कोपऱ्यातले चार जण चाल बदलतात नि वीसेक वर्षांत अर्धा देश तसा गायला लागतो, हेही आहे.

पक्षी म्हणजे व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, फक्त नाव विचारलं नसेल. ऑक्टोबरात इथं टोरोंटोत मागच्या अंगणात पानं साठली की त्या पानांत दोन्ही पायांनी एकदम मागे उडी मारून पाचोळा उपसणारा. गळा पांढराशुभ्र, डोळा आणि चोच यांच्या मधोमध पिवळा ठिपका, डोक्यावर पट्टे. वजन पंचवीस-तीस ग्रॅम. सवयीनं आपण चिमणी म्हणतो, पण आपल्या वळचणीतल्या चिमणीशी याचं नातं लांबचं. जवळचे म्हणाल तर भारीट. हिवाळ्यात सोलापूर-नगरकडे ज्वारीच्या शेतांत काळ्या डोक्याचे भारीट थव्यानं उतरतात. ते ज्यांनी पाहिलेत त्यांना चोच बघूनच पटेल.

उन्हाळ्यात हा इथून वर, सूचिपर्णी जंगलात जातो आणि जमिनीलगत घरटं करतो. तिथं तो गातो. दोन लांब, सरळ शिट्ट्या, आणि मग तीन-तीन स्वरांचे तुकडे, एकामागून एक. इथली मंडळी त्यावर शब्द बसवतात, ‘ओ स्वीट कॅनडा, कॅनडा, कॅनडा’. सीमेपलीकडे तोच पक्षी ‘ओल्ड सॅम पीबडी, पीबडी, पीबडी’ म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याची त्याची देशभक्ती. ऐका. [वक्ते शिट्टी वाजवून दाखवतात. टाळ्या.] टाळ्या नकोत, अजून विलंबितच चाललंय.

आता, हे गाणं जन्मजात नसतं. पीटर मार्लर यांनी याच्या चुलतभावावर, पांढऱ्या मुकुटाच्या स्पॅरोवर, गेल्या शतकात प्रयोग केले. पिल्लू एकटं वाढवलं, मोठ्यांचं गाणं कानावर पडूच दिलं नाही, तर ते मोठेपणी काहीतरी मोडकंतोडकं गातं. लहानपणी ऐकावं लागतं, मग घोकावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास त्या पक्ष्याच्या बोली इतक्या पक्क्या आहेत की गाणं ऐकून पक्षी कुठल्या भागातला ते सांगता येतं. गुरू, रियाज, गावाची ढब, सगळं आलं की नाही? मी इंजिनिअर माणूस, पण एवढं मला कळतं.

आणि ऐकणारेही कच्चे नाहीत. आपल्या टोरोंटो विद्यापीठातले ब्रूस फॉल्स यांनी ऑन्टेरिओतल्या अल्गोंक्विन पार्कात याच पक्ष्यावर आयुष्य घालवलं. त्यांची पद्धत साधी होती, गाण्याचं ध्वनिमुद्रण वाजवायचं आणि त्या हद्दीचा मालक पक्षी काय करतो ते बघायचं. १९७५ साली रॉन ब्रूक्स यांच्याबरोबर त्यांनी जे छापलं ते मला फार आवडतं. शेजाऱ्याचं गाणं शेजाऱ्याच्याच हद्दीकडून वाजवलं तर मालक फारशी दखल घेत नाही. अनोळखी नराचं वाजवलं की धावून येतो. पण तोच ओळखीचा शेजारी भलत्या बाजूनं ऐकू आला तर अनोळखी असल्यासारखाच चवताळतो. म्हणजे नुसतं ‘कोण’ एवढंच नाही, ‘कोण, कुठून’ हेही त्याला कळतं. पार्किंगच्या जागेवरून ज्यांची भांडणं झालीत त्यांना समजावून सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. विसाव्या शतकाच्या मध्याला जे लोक या गाण्यांची नोंद करत होते, त्यांना देशभर शेवट तीन स्वरांचाच मिळत होता. ‘कॅ-न-डा’. मग १९९०च्या दशकाच्या अखेरीस केन ऑटर हे संशोधक पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स जॉर्जला होते. तिथल्या पक्ष्यांचं काहीतरी वेगळं लागत होतं. तुकडे तीनाऐवजी दोन स्वरांचे. ‘ओ स्वीट कॅ-न, कॅ-न, कॅ-न’. ‘डा’ गायब! तिस्र जातीत चाललेलं गाणं कुणीतरी दुगुणीत आणून ठेवलं होतं.

यात काय एवढं, म्हणाल. कोपऱ्यातली एक बोली. बोली कोपऱ्यातच राहतात, कारण नवा पक्षी जिथं बस्तान बसवतो तिथलं गाणं उचलतो. पण ही बोली कोपऱ्यात राहिली नाही. रॉकी पर्वत ओलांडून ती अल्बर्टात आली. २००४ साली तिथले सुमारे अर्धे पक्षी दोन स्वरांवर होते, दहा वर्षांत जवळपास सगळे. मग सॅस्कॅचवान, मॅनिटोबा, आणि आपल्या ऑन्टेरिओचा पश्चिम भाग. ऑटर आणि वॉटर्लूचे स्कॉट रॅमसे यांनी सहकाऱ्यांसोबत हे २०२० च्या जुलैमध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या शोधपत्रिकेत छापलं. दोन दशकांत तीन हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. आणि त्यांना पुरावा कुणी दिला? तुमच्या-माझ्यासारख्यांनी. सकाळी फिरायला गेलेल्या लोकांनी फोनवर गाणी टिपली आणि ईबर्ड, झेनो-कॅन्टो अशा पक्षीनोंदींच्या संकेतस्थळांवर चढवली. त्यातून वर्षावर्षाचा नकाशा उभा राहिला. आमची ही मला म्हणते, झुडपाला फोन काय लावताय. याला!

मग प्रश्न असा की डोंगराच्या पलीकडची चाल अलीकडे आली कशी? घरटी करण्याच्या जागा दूर दूर, प्रत्येकाची आपली हद्द. ऑटर यांच्या गटानं प्रिन्स जॉर्जच्या नरांच्या पाठीवर एक चिमुकलं यंत्र बांधलं. ते फक्त उजेड नोंदवतं. सूर्य किती वाजता उगवला आणि मावळला यावरून पक्षी कुठं होता ते काढता येतं. अट एवढीच की पुढच्या वर्षी तोच पक्षी पुन्हा पकडायचा, तेव्हा कुठे हिशेब हाती. तर कळलं असं की रॉकीच्या पश्चिमेचे हे पक्षी हिवाळ्यात डोंगर ओलांडून टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, आर्कन्सॉ अशा भागांत येतात. तिथं मध्य कॅनडातलेही येतात. आणि हिवाळ्यात हे गप्प नसतात, अधूनमधून गातात. तेव्हा ऑटर यांचा तर्क असा की एकत्र खाणाऱ्या थव्यात तरुण पोरं परकी चाल ऐकतात आणि परतताना आपल्या मुलखात घेऊन जातात. तालीम घरी सुरू झाली, पण चाल फिरली परगावी.

का फिरली, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. दोन स्वरांच्या गाण्यानं हद्द जास्त चांगली राखता येते असं काही दिसलं नाही. एक अंदाज असा की माद्यांना नेहमीपेक्षा वेगळं गाणं आवडत असावं. आमच्या तरुणपणी लांब कल्ले ठेवण्यामागेही असाच अंदाज होता. [हशा.]

इथं मला माझी तक्रार मांडायची आहे. दोन मिनिटं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, हे पक्षी रात्रीचे टोरोंटोवरून दक्षिणेला जातात. उजेडानं भुलून शहरात उतरतात. सकाळी काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसतं, त्याला ते झाड समजतात आणि धाडकन आदळतात. आपल्या शहरात १९९३ पासून फ्लॅप नावाची संस्था आहे. तिचे स्वयंसेवक पहाटे इमारतींच्या पायथ्याशी फिरून जिवंत असतील ते कागदी पिशवीत घालून नेतात, मेलेले मोजतात. वर्षातून एकदा ते सगळे पक्षी रॉयल ऑन्टेरिओ म्युझियममध्ये रांगांनी मांडतात. शक्य असेल त्यानं जाऊन बघावं. आमचा हा पांढऱ्या गळ्याचा त्या मांडणीत भरपूर असतो.

तर आमच्या इमारतीची लॉबी. इमारतीचं नाव घेत नाही, इथं तिथले दोघं बसलेत. दुमजली काच, समोर मेपलची झाडं. मी व्यवस्थापन समितीला लिहिलं की काचेवर बाहेरच्या बाजूनं ठिपक्यांची पट्टी लावा, ठिपक्यांत पाच-पाच सेंटिमीटरचं अंतर ठेवा. पक्ष्याला काच आहे हे कळतं, आपल्याला आठवडाभरानं दिसेनासं होतं. उत्तर आलं, ‘सौंदर्यदृष्टीनं विचार करू’. मग सभेत एका गृहस्थांनी तोडगा काढला, एक ससाण्याचं काळं स्टिकर लावू, पक्षी घाबरतील. लावलं. मधोमध. पक्षी त्या स्टिकरला ससाणा समजून घाबरत नाही, फार तर एक अडथळा म्हणून वळसा घालतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. मी हे सांगितलं तर म्हणतात, मग दोन ससाणे लावू. मी म्हटलं, नवीन इमारतींना टोरोंटोत २०१० पासून पक्ष्यांसाठी काचेचे नियम आहेत. ते म्हणाले, आपली इमारत २००६ ची. बरोबर आहे हो, कायदा तुमच्या बाजूनं. ठिपक्यांना नाही म्हणाले आणि त्याच सभेत लॉबीतल्या नकली ऑर्किडसाठी पैसे मंजूर झाले. दर दोन वर्षांनी नकली ऑर्किड बदलावी लागते, हेही मला त्या सभेतच कळलं. माझा राग पक्षी मरतात एवढ्यावरच नाही. त्या काचेवर आपटणाऱ्यांत बरेच त्याच वर्षीचे असतात. पहिल्यांदाच दक्षिणेला निघालेले, परगावची चाल अजून कानावर पडायची असलेले.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. पाच? बरं, पाच.

चार लिंगं. पटकन. याच्या डोक्यावरचे पट्टे दोन तऱ्हांचे असतात, काहींचे काळे-पांढरे, काहींचे काळपट-तपकिरी. पूर्वी लोकांना वाटे, पांढरे ते नर किंवा वयस्क. तसं नाही. दोन्ही तऱ्हा नरांतही, माद्यांतही, आणि साधारण निम्म्या-निम्म्या. १९६० च्या दशकात कळलं की फरक गुणसूत्रात आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसलाय, त्यात हजाराच्या वर जनुकं. उलट्या तुकड्याची एक प्रत असली की पांढरा, एकही नसली की तपकिरी.

स्वभावही त्याबरोबर येतो. पांढरे भांडखोर, गाणारे, नर असतील तर शेजारी डोकावणारे. पांढऱ्या माद्याही गातात. तपकिरी घरची बाजू जास्त सांभाळतात, पिल्लांना जास्त भरवतात. अटलांटातल्या डॉना मेनी यांच्या गटानं दाखवलंय की त्या तुकड्यातलं, इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचं एक जनुक मेंदूच्या ठराविक भागात दाबलं, तर पांढऱ्याची आक्रमकता तपकिरीच्या पातळीला येते.

आणि लग्नं? पांढऱ्याचं तपकिरीशीच. जवळजवळ सगळी. सगोत्र विवाह निषिद्ध, तसं. नर-मादी एक अट, गोत्र दुसरी. म्हणजे प्रत्येकाला लोकसंख्येतला फक्त चौथा हिस्सा चालतो. त्यावरून ‘चार लिंगं’. ईलेना टटल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या क्रॅनबेरी लेकला १९८८ पासून या पक्ष्यांचा पाठपुरावा केला. २०१६ चा मोठा शोधनिबंध त्यांचा आणि सहकाऱ्यांचा. त्याच वर्षी त्या गेल्या. फॉल्स यांच्याच गटानं पाहिलं होतं की दोन्ही तऱ्हांच्या माद्यांना तपकिरी, घरसांभाळू नरच जास्त आवडतात. फक्त पांढऱ्या माद्या आधी झडप घालतात, मग तपकिरी माद्यांना उरलेले पांढरे. वहिनी, हसू नका, शोधनिबंध आहे.

एकच मुद्दा आणि थांबतो. उलट्या तुकड्याच्या दोन प्रती असलेला पक्षी जवळपास सापडतच नाही, कारण दोन पांढरे एकत्र येतच नाहीत. त्यामुळे त्या तुकड्याला आपल्यासारख्या तुकड्याशी देवाणघेवाण करता येत नाही आणि त्यातले दोष साचत जातात. आपल्या वाय गुणसूत्राची घसरण अशीच सुरू झाली असं मानतात. म्हणून टटल यांना हा पक्षी इतका मोलाचा वाटत होता: लिंग ठरवणारं गुणसूत्र घडतं कसं, ते इथं अर्ध्या वाटेवर बघायला मिळतं. उठतो, उठतो. प्रश्न बाहेर विचारा, आणि ज्यांनी गाणी टिपलीत त्यांनी फोन घेऊन या.