स्लोचा स्क्रू आणि चोरवाटेची हवा

मंडळी, सुरुवातीलाच एक विचारतो. तुमच्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात मिस्त्रीला "स्लो जरा कमी करून द्या" असं सांगितलंय? स्लो म्हणजे पाय काढलेला असताना उभ्या गाडीचं इंजिन ज्या वेगानं फिरतं तो. बरेच हात वर आले. आणि त्यातल्या किती जणांची गाडी पंधरा दिवसांत पुन्हा ओरडायला लागली? जवळजवळ तेवढेच. म्हणजे मी योग्य ठिकाणी आलोय.

मी बोलणार आहे ती प्रीमियर पद्मिनीबद्दल. कुर्ल्याला तयार झालेली, १०८९ सीसीची, मुळातली फियाट ११०० डी. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. टॅक्सीबरोबर टॅक्सीचे मिस्त्रीही गेले. डोळे मिटून तिचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, खोलणारे हात आता शोधावे लागतात, तेव्हा थोडंफार आपलं आपल्याला कळलेलं बरं. ज्यांच्याकडे जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

इंजिन नीट तापल्यावर अशा गाडीचं आयडल, म्हणजे आपला स्लो, साधारण ७०० ते ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) असावं. पद्मिनीच्या डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे "वाढलंय" हे आपण कानानं ठरवतो, आणि कान फसवतात. सायलेन्सर फुटलेला असला तरी गाडी रेस खातेय असंच वाटतं. कॉइलला जोडायचा साधा टॅकोमीटर मिळतो, तो घ्या. १,२०० दिसले तर खरंच दुखणं आहे.

आता मुद्द्याचं. पेट्रोल इंजिनाचा वेग हवा ठरवते. अ‍ॅक्सिलरेटर दाबून आपण पेट्रोल सोडतो असं म्हणतो खरं, पण पायाखाली असतो तो हवेचा दरवाजा, म्हणजे बटरफ्लाय. पेट्रोल त्या हवेबरोबर ओढलं जातं. पाय काढलेला असताना इंजिन जोरात फिरतंय याचा अर्थ कुठून तरी जास्तीची हवा आत जातेय. एक अपवाद आहे, टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचा, तो पुढे सांगतो. स्लोचा स्क्रू हा त्या दरवाजाला लावलेला अडसर आहे. तो आपोआप फिरत नाही. काल बरोबर होता तर आज चुकीचा कसा होईल? तरी मिस्त्रीचा पेचकस आधी तिथेच जातो, कारण तो दिसतो आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं.

म्हणून स्क्रूला हात न लावता आधी बॉनेट उघडा आणि थ्रॉटलचा लिव्हर बोटानं मागे ढकलून बघा. आवाज उतरला तर कार्ब्युरेटर निर्दोष आहे. पायाखालचं जाड मॅट पेडलला अडकलंय, सांध्यांत मळ साचलाय, किंवा परतीची स्प्रिंग ढिली पडलीय. एकांनी दोन कार्ब्युरेटर बदलले होते; दोष निघाला हौसेनं टाकलेल्या गालिच्याचा.

मग चोक. पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे तोंडावर पडणारी पट्टी नाही. बाजूला एक फिरणारी चकती आहे आणि ती गार इंजिनासाठी वेगळ्या वाटेनं जाड मिश्रण सोडते. डॅशबोर्डवरचा नॉब पूर्ण आत गेला म्हणजे चकती पूर्ण मिटली असं नाही. केबल ताणून बांधलेली असेल तर ती किंचित उघडी राहते. अशा वेळी इंजिन जोरात फिरतं, पेट्रोलचा वास येतो, प्लग काजळीनं काळे होतात. हा काळेपणा लक्षात ठेवा, कारण बाहेरून हवा शिरत असेल तर मिश्रण उलट पातळ होतं आणि प्लग पांढुरके पडतात.

इथवर काही सापडलं नाही तर माझी आवडती परीक्षा. एअर फिल्टर काढा, इंजिन चालू ठेवा आणि कार्ब्युरेटरचं तोंड लाकडी फळीच्या तुकड्यानं गच्च झाका. जुने मिस्त्री तळहात ठेवतात. मी ठेवत नाही, कारण कार्ब्युरेटर उलटा खोकला तर तळव्याचा पापड होतो. फडकंही नको, ते आत ओढलं जाईल. चेहरा लांब ठेवा. तोंड झाकताच इंजिन गुदमरून बंद पडलं, तर हवा पुढच्या दारानं येत होती. फळी ठेवूनही ते फिरत राहिलं, तर घराला चोरवाट आहे.

या चोरवाटेपायी मी स्वतः तीन महिने घालवलेत. एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर ओव्हरहॉल करून घेतला होता, नवं किट वगैरे. गार असताना गाडी गुणी बाळ. बोरघाट उतरताना मात्र पाय काढला तरी ती पुढे रेटत राहायची, ब्रेक तापले. खोपोलीला चहाला थांबलो आणि न्यूट्रल केल्याबरोबर इंजिन असं किंचाळलं की चहावाल्यानं किटली खाली ठेवली. परत गॅरेजला गेलो. त्यांनी स्लो कमी केला आणि, "हवा घेत असेल" म्हणून, कार्ब्युरेटरचे नट आणखी आवळले. आता सकाळी गार गाडी सिग्नलला बंद पडायची आणि दुपारी ओरडायची. पुन्हा गेलो, पुन्हा आवळले.

शेवटी घरी फळी ठेवली. इंजिन फिरतच राहिलं. मग झाडांना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं पाणी मारत गेलो. जिथे फट असते तिथे पाणी क्षणभर ती बुजवतं आणि इंजिनाचा सूर बदलतो. कार्ब क्लीनरचा स्प्रेही वापरतात, पण तापलेला एक्झॉस्ट जवळ असताना मला ज्वालाग्राही काही फवारायला आवडत नाही. व्हॅक्यूम पाइप, काही नाही. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणारी वाट, तिथेही काही नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाशी पाणी लागलं आणि इंजिन एकदम खाली बसलं. उतरवून त्याचं बूड काचेवर ठेवलं, पलीकडून टॉर्च लावला, तर मधोमध उजेडाची रेघ.

काय झालं होतं बघा. कार्ब्युरेटरच्या बुडाची सपाट कड, म्हणजे फ्लँज, दोन नटांवर बसतो. खालचं पॅकिंग मऊ. दोन्ही टोकं जितकी आवळाल तितका मधला भाग कमानीसारखा उचलला जातो, म्हणजे गळती थांबवायला आवळायचं आणि आवळल्यामुळे गळती वाढायची. काचेवर पॉलिश पेपर पसरून अर्धा तास आठाच्या आकड्यात घासलं, पातळ नवं पॅकिंग घातलं आणि नट आळीपाळीनं, हलक्या हातानं बसवले. त्या पान्याला लांब दांडा नको.

फट बुडाशीच असेल असं नाही. बटरफ्लायचा स्पिंडल, म्हणजे तो ज्यावर फिरतो ती दांडी, वर्षानुवर्षं फिरून भोक मोठं करतो. लिव्हर धरून हलवला तर खडखडतो. पॅकिंग कितीही बदला, तिथून हवा ओढतच राहणार. कार्ब्युरेटर लेथवाल्याकडे नेऊन पितळी बुश घालून घ्यायचे. मारुतीत ब्रेक बूस्टरचा पाइप आणि एसीसाठी आयडल वाढवणारा छोटा डायफ्रॅम या दोन जागा जादा. पाइप पक्कडीनं हलकेच दाबून धरला आणि आवाज उतरला, की चोर सापडला.

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज असेल तर छानच, आकडा कमी आला की गळतीचा संशय घ्यायचा; पण एक सावधगिरी. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला १८ ते २० इंच (पाऱ्याचे) दाखवतं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. पुणं १,८०० फुटांच्या आसपास, म्हणजे इथे दोन इंच कमी दिसणारच. महाबळेश्वरला हवापालटाला गेलेल्या एका गृहस्थांनी १४ चा आकडा बघून तिथेच मॅनिफोल्ड खोलला होता. गाडीला काही झालं नव्हतं, सुट्टी मात्र गेली.

आता फळी ठेवल्यावर इंजिन बंद पडलं तर? केबल, चोक बघून झालंय, उरलं टायमिंग. ठिणगी लवकर पडली तर तेवढ्याच हवेतून इंजिन जास्त काम काढतं आणि वेग वाढतो. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून रोटर बोटानं पिळा आणि सोडा. तो टचकन परत आला पाहिजे. आळसावून तिथेच राहिला तर ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी आतली वजनं गंजलीत किंवा स्प्रिंगा लांबल्यात. अशा गाडीची रेस एकदा वर गेली की सावकाश, मनात आलं तर, खाली येते. टायमिंग लाइट लावून बघा, अंदाजानं डिस्ट्रिब्युटर फिरवू नका.

हे सगळं झाल्यावरच स्क्रू. इंजिन तापलेलं, चोक आत. आधी मिश्रणाचा स्क्रू इंजिन बंद असताना हलकेच टेकेपर्यंत आत न्या. जोर केलात तर सुईच्या टोकाला खाच पडेल. तिथून दीड फेरा बाहेर. इंजिन चालू करून, सर्वांत जास्त आणि सर्वांत गुळगुळीत फिरेल तिथे तो सोडा, मग स्लोच्या स्क्रूनं वेग उतरवा, मग परत मिश्रण, परत स्लो. दोन-तीन आवर्तनं लागतात. मिश्रणाचा स्क्रू फिरवून इंजिनाला काहीच फरक पडत नसेल तर थांबा: बटरफ्लाय अजून जास्त उघडा आहे, पुढची भोकं उघडी पडून पेट्रोल तिथून येतंय आणि मिश्रणाच्या स्क्रूला कोणी विचारत नाही. म्हणजे आधीचं काहीतरी बघायचं राहिलंय.

माझी गाडी आत्ताच चालवत आणलीय, इंजिन अजून गरम असेल. फळी आणि फवाऱ्याची बाटली डिकीत आहे. ज्यांना हात काळे करायचेत त्यांनी चला.