सात सूत, आठ सूत, दहा सूत

(दृश्य: पहाटेचा उजेड, दोन्हीकडं कपाशी, मधून डांबरी रस्ता. सायकल जवळ येते. हँडलच्या पुढं छोटा स्क्रीन, पण तो खाली वाकलेला.)

हे पाहा, सायकलले रस्ता दाखवणारं हे जीपीएसचं यंत्र, याचा स्क्रीन कुठं पाहून राह्यला? रस्त्याकडं. पैसे मी मोजले, चालवणारा मी, अन् हा भाऊ स्पीड ब्रेकर आला की मान खाली घालतो. घरून निघताना सरळ होता, तिसऱ्या ब्रेकरवर अर्धा वाकला अन् आता तर त्याला फक्त माझं पुढचं चाक दिसत असेल.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. इथून हिंगणीवरून बोर धरणाकडं रस्ता जातो, पुढं जंगल, 2014 मध्ये बोरला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला तेच हे जंगल. त्या बाजूला मोबाईलची रेंज मधेच जाते. लोक विचारतात, फोन असताना हे वेगळं खेळणं कायले पाह्यजे, तर एक तर मे महिन्यात 45 डिग्रीत फोन हँडलवर लावून पाहा, स्क्रीन अंधारतो, फोन चुलीसारखा तापतो. अन् दुसरं, जीपीएसला रेंज लागतच नाही, उपग्रह वर 20,200 किलोमीटरवरून सिग्नल सोडत असतात, हे डबडं फक्त ऐकतं, कमीत कमी 4 उपग्रह ऐकू आले की आपण कुठं आहो ते सांगतं. आधी रस्त्याचा नकाशा टाकून ठेवला की झालं.

पण सांगेल कोणाला, मान खाली असेल तर?

मला 200 किलोमीटरचं ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकल फेरी, करायचं होतं, नागपूरच्या पोट्ट्यांसोबत. वेळ 13 तास 30 मिनिटं. त्यात दर वळणाला थांबून स्क्रीन वर करत बसलो तर झालंच मग.

(दृश्य: हँडलचा क्लोजअप. मधला जाड भाग, बाजूला बारीक होत गेलेली नळी.)

गडबड कुठं होती ते दाखवतो. डब्यात जो माउंट, म्हणजे स्क्रीन हँडलला धरून ठेवणारा तुकडा, आला, पुढं हात काढल्यासारखा, त्याची कडी 31.8 मिलिमीटरची. आजकालच्या बहुतेक रेसिंग सायकलींचं हँडल मधे तेवढंच जाड असतं. माझी सायकल जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, सेकंड हँड, तिचं हँडल मधे 25.4. अन् तेही स्टेमच्या, म्हणजे हँडल मधोमध पकडणाऱ्या भागाच्या, दोन्ही बाजूला दोन-दोन बोटंच, त्याच्या पुढं नळी निमुळती होऊन ग्रिपपाशी 22.2 होते. त्या दोन बोटांतच घंटी, लाइट अन् हा पाहुणा. कंपनीचं नाव नाही घेत, पण डब्यावर लिहिलं होतं सगळ्या सायकलींना बसते. आतमधे एक रबराची पट्टी दिली होती, ती घातली तरी कडी गोल गोल फिरे.

मग जे सगळे करतात ते मी केलं. पंक्चरच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली, पट्टी कापली, ताणून ताणून चार वेढे दिले, वरून कडी आवळली. हाताने हलवून पाह्यलं, हलेना. लय खूश झालो. अन् दुसऱ्या दिवशी तुम्ही आत्ता पाह्यलं ते झालं.

(दृश्य: सायकलचं दुकान. पत्र्याचं शेड, टांगलेले टायर, पाण्याचं टोपलं, बाजूला हवेचा पंप.)

गावातल्या सायकलवाल्या काकांकडं गेलो. काका पन्नास वर्षांपासून हेच करून राह्यले, चष्मा एका काडीचा, दुसऱ्या बाजूला सुतळी. मी म्हटलं, काका हे घट्ट नाही बसून राह्यलं. त्यांनी आधी स्क्रीनच उलटून पाह्यला.

"हे कायचं हाय बे?"

"काका, रस्ता दाखवते."

"बोरचा रस्ता तुले मालूम नाही का?"

आता याला काय उत्तर देता. मग त्यांनी माझी पट्टी नखाने दाबली. "रबर दबते न बाबू. चार वेढे म्हनजे गादी झाली. गादीवर खांब उभा राह्यते का? आत टनक पाह्यजे, रबर नुसतं पकडीले."

हे मला कोणत्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. वजन काही फार नाही, पाऊणशे-शंभर ग्रॅम, पण ते हाताच्या टोकाला आहे, प्रत्येक गचक्याला कडीला पीळ पडतो अन् मऊ रबर थोडं थोडं सरकतं. रबराचा थर जितका जाड तितकी मान लवकर पडते.

(दृश्य: काकांचा हात. शिवायचा पांढरा दोरा हँडलभोवती एक वेढा घेतो, नखाने खूण, मग दोरा मोजपट्टीवर.)

मग काकांनी मापायला घेतलं. व्हर्नियर वगैरे काही नाही. दोरा घेतला, हँडलला एक वेढा, जिथं टोक मिळालं तिथं नख दाबलं, दोरा शाळेच्या पट्टीवर धरला. 8 सेंटीमीटर. "आठ सूत." तिकडं ग्रिपजवळ दोरा 7 आला. "सात सूत." माउंटच्या कडीच्या आतून फिरवला, 10. "दहा सुताची कडी आठ सुताले लावून राह्यला तू."

मला वाटलं गंमत करून राह्यले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-लोहार सगळे वापरतात, तो जाडीचा हिशोब, अन् दोरा तर घेराचा. घरी येऊन कॅल्क्युलेटरवर केलं. एक सूत 3.175 मिलिमीटर, त्याला पायने, म्हणजे गणितातल्या 3.14 ने, गुणलं की 9.97, म्हणजे जवळपास 1 सेंटीमीटर. म्हणजे गोल नळीचा घेर जितके सेंटीमीटर, जाडी तितके सूत! 22.2 म्हणजे सात, 25.4 म्हणजे आठ, 31.8 म्हणजे दहा. काकांना पाय माहीत नाही, त्यांच्या उस्तादाने असंच शिकवलं म्हणे. मी बी.एस्सी. झालो तरी हे मला मालूम नव्हतं, जाऊ द्या.

आता मधला दोन सुताचा फरक, म्हणजे दोन्हीकडं एक-एक सूत, टणक काहीतरी भरायचं. काका म्हणाले, घरी पाइप हाय का पानी आनाचा? होता. बोअरवरून टाकीला जी पीव्हीसीची लाइन टाकली तिचा हातभर तुकडा गोठ्यात पडला होता, वरून छापलेलं, 32 मिमी. पीव्हीसी पाइपचं माप बाहेरून असतं. म्हणजे बाहेरून 32, कडी 31.8, फक्त 0.2 जास्त.

(दृश्य: हॅक्सॉ पाइपवर चालतो, पांढरा भुगा पडतो. अंगठ्याएवढा तुकडा, मग त्याला उभा काप.)

अंगठ्याएवढा तुकडा कापला अन् त्याला उभा एक काप दिला, उघडून हँडलवर चढवता यावा म्हणून. या कापाने दुसरंही काम केलं, ते नंतर लक्षात आलं. हॅक्सॉचं पातं कापताना 1 मिलिमीटरच्या आसपास भुगा करतं, तेवढा घेर कमी झाला की जाडी 0.3 ने कमी होते. वरचे 0.2 तिथंच गेले. आतून पाइप साधारण 28 चा, हँडल 25.4, मधे राह्यलेल्या फटीत ट्यूबचा एकच वेढा. गादी नाही, नुसती पकड. कडा पॉलिश पेपरने घासल्या, काप खालच्या अंगाला ठेवला, वरून कडी बसवली, एलन कीने बोल्ट आवळला, तोही बेताने, काका ओरडले होते, "लोखंड नोहे ते, प्लास्टिक हाय, आटे जातीन."

(दृश्य: काकांची बोटं माउंटच्या टोकाला जोर देतात. हँडल हलतं, माउंट नाही.)

सात सुताच्या भागावर, म्हणजे ग्रिपकडं, ही युक्ती करू नका. तिथं तीन सुताचा फरक, एका बाजूला जवळपास 5 मिलिमीटर, एवढं भरत बसण्यापेक्षा डब्यात जो दुसरा छोटा माउंट येतो, खाली रबर अन् दोन काळ्या रिंगांनी बांधायचा, तो सरळ स्टेमवर लावा. मी तोही पाह्यला. मजबूत बसतो, पण स्क्रीन जवळ येतो, पाहायला मान घालावी लागते अन् चढावर उभं राहून पायडल मारताना नजर तिथं जात नाही. बाबांच्या काळ्या सायकलला तर तोही बसेना, हँडलखालून ब्रेकच्या सळ्या गेलेल्या, रिंग अडकवायलाच जागा नाही. बाबांना काही दुःख झालं नाही त्याचं.

अन् रिंगा उन्हाळ्यात पाहत जा. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात, एक दिवस टपकन तुटते. म्हणून मी स्क्रीनला खालून एक नाडा बांधून ठेवलाय, मागे भोक आहे त्यासाठी. माउंट सुटला तरी डबडं नाड्याला लटकेल, बाभळीत जाऊन पडणार नाही.

(दृश्य: हिंगणीचा रस्ता. स्पीड ब्रेकर, एक, दोन, तीन. स्क्रीनचा क्लोजअप, निळी रेघ, वरचा बाण.)

तेच ब्रेकर. हा तिसरा. सरळ.

ब्रेव्हेत शेवटचे 40 किलोमीटर अंधारात गेले, लाइट डाव्या बाजूला अजून दोरीनेच बांधला होता, तो मात्र दोनदा फिरला. स्क्रीन जिथं होता तिथंच. 12 तास 50 मिनिटांत पोचलो, त्यातले वीस मिनिटं पुलगावला तर्री-पोह्यात गेले, ते मी मोजत नाही.

(दृश्य: पुन्हा दुकान. भिंतीवर खिळा, त्याला तारेत ओवलेले पाइपचे तुकडे, वाऱ्याने हलतात.)

काकांनी पैसे घेतले नाही. उरलेला पाइप मात्र ठेवून घेतला, अन् त्याचे पाच तुकडे कापून, काप देऊन, तारेत ओवून खिळ्याला टांगले. म्हणे गावात कोनी ना कोनी आनीनच हे यंत्र. चार महिने झाले, पाचही तिथंच आहेत.