कॉन्कोर्डियाच्या पायऱ्या

(युंगफ्राऊयोखची गच्ची. सकाळ. वारा, माणसांचा गलबला.)

हे युंगफ्राऊयोख. उंची 3454 मीटर. युरोपातलं सगळ्यांत उंचावरचं रेल्वे स्टेशन. स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्या कुठल्याही मराठी घरात इथला एक तरी फोटो सापडतो. डोंगर पोखरून ही रेल्वे आणायला 16 वर्षं लागली. काम 1896 साली सुरू झालं, गाडी 1912 साली धावली. आपण त्या बोगद्यातून वर येतो, बर्फ बघतो, कुडकुडत फोटो काढतो आणि परतीच्या गाडीची वेळ होते.

आता कठड्यापाशी या. दक्षिणेला उतरत गेलेला हा पांढरा पट्टा बघा. ही आलेट्श हिमनदी. आल्प्समधली सगळ्यांत मोठी, लांबी सुमारे 20 किलोमीटर. आम्हाला हिच्या अंगावरून चालत जायचं होतं, आणि रात्री हिच्याच काठावर मुक्काम करायचा होता.

(दोर बांधणारे हात. क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या लोखंडी काट्यांचे, पट्टे आवळले जातात.)

गाईडशिवाय इथे उतरू नये. सह्याद्रीत कितीही वर्षं घालवली असली तरी नाही. बर्फ वरून सपाट, शांत दिसतो, पण खाली भेगा असतात आणि काही भेगांवर ताज्या बर्फाचं पातळ झाकण असतं. म्हणून सगळे एकाच दोरात, मध्ये भरपूर अंतर ठेवून चालतात. दोर सैल पडू द्यायचा नाही. एक जण घसरला की बाकीच्यांनी जागच्या जागी बसून भार घ्यायचा. एवढं शिकलो आणि निघालो.

(लांबून घेतलेलं दृश्य. पांढऱ्यावर चार ठिपके.)

तीन तास.

आणि हे कॉन्कोर्डियाप्लाट्झ. तीन मोठे हिमप्रवाह इथे येऊन मिळतात. पायाखालचा बर्फ सुमारे 800 मीटर खोल आहे. कळसूबाईची उंची 1646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याएवढा बर्फ इथे नुसता तळात भरलेला आहे, आणि तोही थांबलेला नाही, सावकाश पुढे सरकतो आहे. दूरवर गेलेल्या या दोन काळ्या रेघा पाहा. हिमप्रवाह आपल्या काठाचे दगडगोटे सोबत घेऊन येतात. दोन प्रवाह मिळाले की मधल्या काठांचा तो माल एकत्र होतो आणि एका रेघेत पुढे वाहत राहतो. नद्यांचा संगम झाल्यावर गढूळ आणि नितळ पाणी काही अंतर वेगळं दिसतं ना, तसंच हे. फक्त इथे ते मैलोन्‌मैल टिकतं.

थोडा वेळ फक्त ऐका.

(बर्फाखालून वाहत्या पाण्याचा आवाज. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

आता उजवीकडे नाही, डावीकडे. वर. अजून वर. त्या कड्यावर काही चमकतंय. ती कॉन्कोर्डिया हट, डोंगरात रात्रीच्या मुक्कामाचा निवारा. समुद्रसपाटीपासून 2850 मीटर.

आणि या तिथे जायच्या पायऱ्या.

(कॅमेरा खालून वर सरकतो. लोखंडी जिना संपता संपत नाही.)

कळसूबाईच्या शिड्या चढलेल्या माणसाला लोखंडाची भीती वाटत नाही. कडा उभा आहे, म्हणून शिडी लावली, इतकं साधं ते गणित. इथला जिना वेगळ्या कारणाने झाला आहे. पहिली हट 1877 साली बांधली तेव्हा बर्फ तिच्या खाली जेमतेम 50 मीटरवर होता. आज तो 150 मीटरहून खाली आहे. हट होती तिथेच राहिली आणि जमीन खाली गेली, म्हणून जिना वाढवावा लागला. काही वर्षं गेली की खालच्या टोकाला नवा तुकडा जोडतात. आता पायऱ्या साडेचारशेच्या वर गेल्या आहेत.

आपल्याकडची बारव आठवा. पाऊसकाळ संपल्यावर चार पायऱ्या दिसतात, चैत्रात वीस, वैशाखात तळ. पाणी किती उतरलं ते मोजायला पट्टी लागत नाही, उघड्या पडलेल्या पायऱ्याच सांगतात. पण बारव मृगात पुन्हा भरते. हा जिना एकाच दिशेने वाढत आला आहे.

(खडकाचा जवळून घेतलेला फोटो. वर काळसर, खाली फिकट.)

चढताना डाव्या हाताला खडकाचा रंग बदलतो. वरचा खडक जुना, काळपट, शेवाळासारख्या डागांनी भरलेला. खालचा फिकट, नुकताच घासल्यासारखा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बर्फ या रेषेपर्यंत होता. आम्ही चाललो होतो ती सगळी उंची तेव्हा बर्फाच्या पोटात होती. बोट ठेवून दाखवता येते अशी ही रेषा आहे, म्हणून कॅमेरा तिथे बराच वेळ थांबला आहे.

(बुटांच्या खोलीचं दार. रांगेत लावलेले बूट, कोपऱ्यात आइस-ॲक्स, बर्फात चालताना लागणाऱ्या कुऱ्हाडी.)

हटमध्ये शिरताना पहिली गोष्ट, बूट बाहेर. आपल्या घरासारखंच. आत घालायला हटच्या चपला ठेवलेल्या असतात, आपल्या मापाची जोडी शोधायची. आइस-ॲक्स आणि क्रॅम्पॉन आत न्यायचे नाहीत. मग आपलं नाव सांगायचं, जागा मिळते. जागा म्हणजे खोली नव्हे, लांब लाकडी फळीवर शेजारी शेजारी टाकलेल्या गाद्यांपैकी एक गादी. पांघरूण हटचं, त्याखाली शिरून झोपायची पातळ पिशवी आपली.

एक वही असते. त्यात नाव लिहायचं, आणि उद्या कुठे जाणार तेही. माणूस पोचला नाही तर शोध कुठून सुरू करायचा, हे त्या एका ओळीवरून कळतं.

(वाफाळणारं सूप. लांब बाकांवर अनोळखी माणसं.)

जेवण सगळ्यांना एकाच वेळी. आधी सूप, मग ताट. शाकाहारी आहोत हे जागा राखतानाच कळवलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं. इथला तांदूळ, कांदा, गॅस, सगळं हेलिकॉप्टरने येतं, म्हणून पाण्याची बाटलीसुद्धा महाग वाटते आणि ते रास्तच आहे. पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा विचार होतो. आपला कचरा आपण खाली न्यायचा. अशा हट बांधणाऱ्या स्विस आल्पाइन क्लबची स्थापना 1863 साली झाली आणि त्याच वर्षी त्यांनी पहिली हट बांधली. तेव्हापासूनची शिस्त अशी भिनली आहे की कुणी कुणावर ओरडत नाही. बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी आमच्या वाटीत सूप वाढलं. भाषा एकही समान नव्हती.

दहाला दिवे बंद. झोपायच्या जागेत आम्ही कॅमेरा नेला नाही.

(काळोख. मग अगदी खाली, बर्फावर, सहा दिवे.)

पहाटे साडेतीन. चढाईला जाणारे लोक निघाले आहेत. ते डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात जिना उतरले आणि आता हिमनदीवर आहेत. आपण गच्चीवरून बघतोय. दिवे हलतात म्हणून कळतं की तिथे माणसं आहेत.

(उजाडतं. गुलाबी शिखरं. निवेदन नाही.)

परतीची वाट हिमनदीच्या अंगानेच खाली जाते. मेर्येलेनपाशी बर्फ सोडायचा आणि डोंगराच्या पलीकडे, फीश गावाच्या दिशेने उतरायचं. पूर्वी मेर्येलेनला हिमनदीच्या काठाने अडवलेलं मोठं तळं होतं. बर्फाचा बांध फुटला की तळं खालच्या दरीत कोसळायचं. घरं, शेतं वाहून जायची.

स्विस हिमनद्यांनी 2022 आणि 2023 या दोन वर्षांत मिळून आपला सुमारे 10 टक्के बर्फ गमावला. तापमानवाढ दोन अंशांच्या आत रोखली तरी शतकाअखेर आलेट्शचा निम्मा बर्फ जाईल, असा झुरिकच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

(फीशचा रस्ता. लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं. देवळाची घंटा.)

हे फीश. तळं फुटायचं तेव्हा याच दरीतली गावं बुडायची. 1678 साली इथल्या लोकांनी नवस केला. आम्ही नीतीने वागू, प्रार्थना करू, पण ही हिमनदी वाढू देऊ नकोस. पुढे त्यासाठी दरवर्षी मिरवणूक निघू लागली, पिढ्यान्‌पिढ्या.

नवस फेडायचा कसा, ते त्यांना ठाऊक होतं. बदलायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी पोपकडे अर्ज केला. 2010 साली परवानगी आली.

मिरवणूक आजही निघते. आता प्रार्थना असते, बर्फ वाढू दे.

(घंटा. हिमनदीवरच्या दोन काळ्या रेघा. अंधार.)