चाकांवरचा चक्रम

मागच्या शनिवारी याच सभागृहात आपण स्केटबोर्डवरचा, म्हणजे चाकं लावलेल्या फळीवरच्या खेळाचा, माहितीपट पाहिला. नंतरची चर्चा रखवालदारानं दिवे घालवले तेव्हा कुठे उठली, आणि तीही थेट कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जाऊन बसली. 'ती एकदा नीट पुरी करा' असा मला निरोप आला, म्हणून आज उभी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून पुणेकर कशाकशावर व्याख्यानं ऐकत आलेत. स्केटबोर्डनं काय घोडं मारलंय?

माझा अधिकार सांगते. तंत्रनिकेतनात तीस वर्षं मेकॅनिक्स शिकवलं. आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझा भाचा गेली चार वर्षं ती फळी आपटतोय. आवाजाच्या तक्रारी माझ्याकडे येतात. बस. आणखी एक, पुण्यात स्केटिंग म्हटलं की चाकांचे बूट डोळ्यांसमोर येतात. ते हे नव्हे. इथे पाय फळीला बांधलेले नसतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

माहितीपट २०१२ चा, 'बोन्स ब्रिगेड : अ‍ॅन ऑटोबायोग्राफी'. दिग्दर्शक स्टेसी पेराल्टा. हा स्वतः सत्तरच्या दशकातला नावाजलेला स्केटबोर्डपटू. १९७८ मध्ये त्यानं जॉर्ज पॉवेलबरोबर कंपनी काढली, पोरसवदा मुलं हेरली आणि 'बोन्स ब्रिगेड' हा संघ बांधला. टोनी हॉक, स्टीव्ह कॅबालेरो, लान्स माउंटन, माइक मॅकगिल, टॉमी गरेरो, रॉडनी मलन. चित्रपट सहा जणांचा. आपण मात्र तासभर भांडलो ते एकट्या मलनवरून. पहिल्या रांगेतले काका म्हणाले, "पोरगं चक्रमच आहे की!" आणि भडका उडाला.

चक्रम. चाकांवर आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरा कुठला शब्द लावणार? पण काका, तुमच्या त्या शब्दावरच मला आज थोडं घासायचं आहे.

मलन १९६६ चा, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचा. वडील दंतवैद्य, शिस्तीचे. स्केटबोर्ड हे उनाडांचं काम असं त्यांचं मत. पोरानं हट्ट धरला तेव्हा १ जानेवारी १९७७ ला फळी मिळाली, पण अटींवर: गुडघ्या-कोपरांना संरक्षक पट्ट्या कायम, आणि पहिली मोठी दुखापत झाली की खेळ बंद. दहा वर्षांच्या मुलाचा बापाशी झालेला हा करार. आता तुम्हीच सांगा, ज्याचं खेळणं कुठल्याही संध्याकाळी संपू शकतं तो मुलगा कसा खेळेल? तो एकटा खेळेल, तासन् तास खेळेल, आणि पडायचं कसं हेही घोटून घेईल. शेतावरच्या घरी गॅरेजमधला सिमेंटचा तुकडा, एवढंच त्याचं मैदान. कॅलिफोर्नियातली मुलं रिकाम्या पोहण्याच्या तलावांत आणि लाकडी उतारांवर हवेत उडत होती. याच्याकडे उतार नव्हता. सपाटी होती.

म्हणून तो 'फ्रीस्टाइल' खेळला. सपाट जमिनीवर, संगीतावर, बर्फावरच्या नृत्यासारखा दीड-दोन मिनिटांचा कार्यक्रम. १९८० मध्ये, चौदा वर्षांचा असताना, सॅन डिएगोत त्यानं मोठ्यांची स्पर्धा जिंकली. पुढे दहा वर्षांत छत्तीसपैकी पस्तीस स्पर्धा जिंकल्या, असा हिशेब त्याच्या नावावर सांगतात.

आता ऑली, म्हणजे हातानं न धरता फळीसकट मारायची उडी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शनिवारी 'तो उडी मारतो' एवढ्यावर सगळे पुढे सरकले. फळी मेपलच्या सात थरांची, दोन्ही टोकं वर वळलेली. वरून सुताराच्या पॉलिशपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला. मागचा पाय शेपटीवर, पुढचा साधारण मधोमध. माणूस वाकतो, उसळतो आणि उसळताना मागच्या पायानं शेपटी जमिनीवर थाडकन हाणतो. फळी मागच्या चाकांच्या आसावर कलते, नाक वर येतं, शेपटी आपटून उसळी खाते. आणि नेमक्या त्याच क्षणी पुढचा पाय बुटाच्या बाहेरच्या कडेनं त्या खरखरीत कागदावरून वर घासत जातो. नाक त्या पायाला अडतं, शेपटी मागच्या पायाखाली वर येते, फळी हवेत आडवी होते. कुणी ती धरलेली नाही, ती कशाला बांधलेली नाही, तरी ती पायाला चिकटल्यासारखी दिसते. माझ्या भाच्याच्या बुटांना भोक नेहमी करंगळीपाशी पडतं, आणि नेहमी एकाच बुटाला. दुकानदाराला वाटतं पोराची चालच तिरकी आहे.

ऑली मुळात मलनची नव्हे. अ‍ॅलन गेल्फंड, हाही फ्लोरिडाचाच. 'ऑली' हे त्याचंच टोपणनाव. त्यानं ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उताराच्या भिंतीवर केली होती. तिथे उतार तुम्हाला वर फेकतो. मलननं १९८२ मध्ये ती सपाटीवर आणली, जिथे फेकणारं कुणीच नाही. पाठोपाठ किकफ्लिप, हीलफ्लिप, ३६० फ्लिप, या हवेत फळी फिरवायच्या युक्त्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मार्क गोन्झालेस आणि नॅटास कॉपस या स्केटबोर्डपटूंनी ऑली रस्त्यावर नेली, आणि पायरी, कठडा, फुटपाथची कड, सगळंच मैदान झालं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या जपानी मुलीनं स्ट्रीट, म्हणजे रस्त्यावरच्या, प्रकारात सुवर्ण घेतलं, ते याच सपाटीवरच्या ऑलीच्या पायावर.

चर्चेत एक ताई म्हणाल्या, हा रियाज आहे. त्या स्वतः गातात, त्यांचा अनुभव मी नाकारणार नाही. पण रियाजात समोर गुरू असतो, मागे घराणं असतं, चुकलं तर कुणीतरी भुवई उंचावतं. मलनपुढे कोण होतं? गॅरेजचं दार आणि बापाची अट. मला त्यात साधनेइतकीच धास्तीही दिसते. स्पर्धा जिंकत राहणं हेच ओझं कसं झालं, हे तो सांगतो तेव्हा त्याचा आवाज कापरा होतो. त्या जागी आपल्यापैकी पुष्कळांनी डोळे पुसले. मीही पुसले, पण मला पेराल्टाचा थोडा रागही आला. ज्यानं या मुलांना स्पर्धेला उभं केलं, तोच कॅमेऱ्यामागे, आणि अधूनमधून कॅमेऱ्यासमोरही. कठीण प्रश्न विचारणार कोण? शिवाय कॅमेरा मलनच्या चेहऱ्यावर इतका रेंगाळतो. अहो, मला पाय बघायचे होते.

पुढचं भरभर सांगते. नव्वदच्या सुमारास फ्रीस्टाइल बाजारातून जवळपास संपलं. पंचविशी गाठलेल्या मलनला दुसरा एक स्केटबोर्ड संघ चालवणाऱ्या माइक टर्नास्कीनं रस्त्यावरच्या प्रकाराकडे वळवलं. त्या संघाच्या १९९२ च्या व्हिडिओत तो नव्यानं शिकलेल्या पोरासारखा दिसतो, आणि तेच त्याचं मोठेपण. चाळिशीजवळ खुब्याच्या सांध्यात वर्षानुवर्षांच्या दुखापतींच्या गाठी घट्ट झाल्या, पाय वळेना. तेव्हा यानं रात्री एकट्यानं, मोटारीच्या चाकावरच्या खोबणीत शरीर अडकवून, तो सांधा ताणून ताणून मोकळा केला. आपल्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे ऐकून कपाळावर हात मारला होता. त्यांच्या वतीनं जाहीर करते, कुणीही हे करू नये.

तर काका, चक्रम म्हणा, हरकत नाही. पण चाहते चक्रमपणाकडे अंगठीतल्या खड्यासारखे बघतात, वरून बसवलेला, शोभेचा. मला तो कारागिराच्या हातावरच्या घट्ट्यासारखा वाटतो. अट, एकटेपणा, सपाट सिमेंट, यांनी घासून घासून तो आलेला आहे. आणि गंमत बघा, एकट्यानं रात्री शोधलेल्या या युक्त्या आज कुणी एकट्यानं करतच नाही. आमच्या पार्किंगमध्ये सहा पोरं गोल करून उभी असतात. एक जण तीस वेळा पडतो, एकतिसाव्यांदा जमतं, आणि बाकीचे पाच जण आपापल्या फळ्या जमिनीवर आपटतात. टाळ्या वाजवायची ही त्यांची रीत. तक्रार होते ती नेमकी त्याच आवाजाची. 'येथे चाके असलेली कोणतीही वस्तू चालवू नये' अशी पाटी लागली तेव्हा भाच्यानं अध्यक्षांना विचारलं होतं, "मग गाड्या कुठे लावायच्या?" पाटी अजून आहे, पोरंही आहेत.

आता उठू या. सभागृहाच्या दारात शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यांत चाकं अडकतात, म्हणून पोरं मागच्या बाजूच्या कोब्यावर थांबली आहेत. सेक्रेटरींनी साडेआठपर्यंतच परवानगी दिली आहे. तिथे कुणाची स्कूटर लावलेली असेल तर आधी काढून घ्या. आणि काका, तुम्ही पुढे उभे राहा. या वेळी पाय बघा.