जुनी होडी घेताना: इंजिनाची पारख

गोव्यात साळ नदी जिथे अरबी समुद्राला मिळते, त्या बेतुलच्या काठावर पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या या होड्या आहेत. काही लाकडी, काही फायबरच्या, आणि बहुतेकींवर माडाच्या झावळ्यांचे आच्छादन घातलेले आहे. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर आणि पर्ससीन या मोठ्या जाळ्यांच्या बोटी समोर कुटबणच्या धक्क्याला बांधून ठेवलेल्या असतात; मात्र 10 अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन लावून गिलनेटने, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्याने, मासे धरणाऱ्या नोंदणीकृत होड्यांना या बंदीतून सूट असते. म्हणूनच छोट्या मच्छीमाराच्या दृष्टीने मागच्या फळीवर टांगलेले हे लहानसे यंत्र संपूर्ण होडीइतकेच महत्त्वाचे आहे, आणि तरीही जुनी होडी घेताना सगळ्यात कमी वेळ त्याच्याच तपासणीला दिला जातो.

निळ्या रंगाच्या या होडीला नुकताच रंगाचा नवा हात दिलेला आहे. विकत घेणारा तरुण तिच्याभोवती एक फेरी मारून नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाशी, थांबला, पण त्याच्याबरोबर आलेला मेकॅनिक थेट मागे गेला आणि त्याने पहिल्यांदा इंजिनाच्या टोपणाखाली हात घालून सिलिंडरला स्पर्श केला. “काका, सकाळी चालू केलं होतं काय?” असे त्याने मालकाला विचारले. हा प्रश्न साधा दिसतो, परंतु गरम केलेले इंजिन पहिल्या दोरीला सुरू होते आणि खरेदीदाराचे समाधान होते. झिजलेल्या सिलिंडरची, बिघडलेल्या कार्बोरेटरची किंवा कमजोर ठिणगीची खरी ओळख पटते ती रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनाला दोरी ओढताना. इंजिन कोमट लागले, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी येण्याची तयारी ठेवावी, आणि विकणाऱ्यानेही त्यात अपमान मानू नये.

आता पाण्यात फिरून होडी ढकलणाऱ्या पंख्याकडे पाहू. मेकॅनिकने पिन काढली, नट सैल केला आणि पंखा दांड्यावरून ओढून बाहेर घेतला. त्याच्या मागे, दांडा जिथे गिअरच्या पेटीत शिरतो तिथे, नायलॉनच्या तंगुसाचे घट्ट वेटोळे बसले आहे. पाण्यात तरंगणारा जाळ्याचा तुटका धागा पंख्यात गुंततो, दांड्याभोवती आवळत जातो आणि रबरी सील कापतो. त्या कापातून खारे पाणी पेटीत शिरते. बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून पेटीचा खालचा स्क्रू काढून पहिले काही थेंब बोटावर घ्यावे लागतात. तेल पाण्याहून हलके असते, त्यामुळे उभ्या ठेवलेल्या इंजिनात साचलेले पाणी आधी बाहेर येते. आणि दोन्ही घुसळली गेली असतील, तर तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसते, जसे ते इथे दिसत आहे. सील स्वस्त असते. परंतु असे पाणी किती दिवस आत होते, गिअर आणि बेअरिंग किती गंजले आहेत, हे पेटी उघडल्याशिवाय कळत नाही, आणि ती उघडण्याचा आग्रह धरणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे.

यानंतर ठिणगी पाडणारे प्लग काढले गेले. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही प्लगांचा रंग सारखा असला पाहिजे. एक तपकिरी आणि दुसरा ओला काळा असेल, तर दोन्ही सिलिंडर सारखे काम करत नाहीत. त्यापुढची चाचणी दाबाची. प्लगच्या जागी दाबमापक लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी ओढली की आकडा मिळतो, आणि दोन सिलिंडरांमध्ये 10 टक्क्यांहून अधिक फरक असेल तर रिंगा, पिस्टन किंवा हेड गॅस्केट यांपैकी कशाची तरी दुरुस्ती आलीच. हे मापक फार महाग नाही, ते वापरायला काही मिनिटे लागतात, आणि तरीही हजारो रुपयांचे व्यवहार केवळ आवाज ऐकून होतात, याचे वाईट वाटते.

किनाऱ्यावर इंजिन चालू करून पाहायचे, तर ते पाण्याच्या पिंपात उभे करूनच. कोरडे चालवले, तर थंड पाणी खेचणारा रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. मागच्या बारीक छिद्रातून पडणारी ही धार पाहा: ती सुरुवातीपासून अखंड आणि जोरदार असली पाहिजे. धार तुटक असेल तर कधी छिद्रात फक्त वाळू किंवा मीठ अडकलेले असते, जे तारेने निघते; पण तार घालूनही धार सुधारली नाही, तर इम्पेलर झिजला आहे किंवा आतल्या वाटा खारट थराने अरुंद झाल्या आहेत. पाण्यात राहणाऱ्या भागावरचा, स्वतः झिजून इंजिनाला गंजापासून वाचवणारा जस्ताचा तुकडाही बघावा. तो बऱ्यापैकी झिजलेला असणे हे चांगलेच लक्षण, कारण त्याने आपले काम केले आहे; मात्र त्यावर कुणी रंग फासला असेल, तर गंज इंजिनाच्या ॲल्युमिनियमला लागला असण्याची शक्यता असते.

इंजिन टांगलेली मागची फळी फायबरच्या होडीत बहुधा आतून प्लायवूडची असते. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपते, लाकूड कुजते आणि बाहेरचा चकचकीत थर तसाच राहतो. हातोडीच्या दांड्याने ठोकले की खणखणीत आवाज यायला हवा. जिथे आवाज बसका येतो, तिथे शंका घ्यावी. मग इंजिनाचा खालचा भाग धरून मागेपुढे ओढावा आणि फळी हलते का, हे दुसऱ्या माणसाने पाहावे. फळीची उंची आणि इंजिनाच्या उभ्या दांड्याची लांबीही जुळली पाहिजे. साधारण 15 इंची फळीला आखूड दांडा आणि 20 इंचीला लांब दांडा लागतो. उंच फळीवर आखूड दांड्याचे इंजिन बसवले, तर प्रत्येक लाटेला पंखा हवा ओढतो.

आता ताकदीचा प्रश्न. जड, खोल बुडणारी होडी पाणी कापत चालते, आणि पाण्याच्या रेषेवर 25 फूट लांब असलेल्या अशा होडीचा वेग साधारण 6.7 नॉटच्या (ताशी सुमारे 12.4 किलोमीटरच्या) पुढे सहसा जात नाही. तिला दुप्पट ताकदीचे इंजिन लावून मिळते ते प्रामुख्याने इंधनाचे वाढलेले बिल. हलकी, सपाट तळाची फायबरची होडी मात्र पाण्यावर उचलली जाण्यासाठी अधिक ताकद मागते, आणि तिला कमी ताकदीचे इंजिन लावले तर ते सतत पूर्ण थ्रॉटलवर राबून लवकर थकते. म्हणून चाचणी रिकाम्या होडीने घेऊ नये. जाळे, बर्फ, माणसे, एवढे वजन चढवून खाडीत पूर्ण वेगाने न्यावे आणि इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचतात का ते टॅकोमीटरवर पाहावे. त्यानंतर बराच वेळ मंद गतीने चालवावे, कारण जाळे ओढताना इंजिन त्याच गतीवर असते आणि तेलमिश्रित पेट्रोलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोकचे प्लग तिथेच काळवंडतात.

दोन इंजिने असलेल्या होडीत खरेदीदार निर्धास्त होतो, परंतु दोन्ही एकाच टाकीतून आणि एकाच फिल्टरमधून इंधन घेत असतील, तर टाकीत पाणी शिरल्यावर दोन्ही एकदम बंद पडतात. त्यामुळे एकेक बंद करून पाहावे: उरलेले इंजिन भरलेल्या होडीला ओहोटीच्या धारेविरुद्ध परत आणते का? साळच्या मुखाशी वाळूची पट्टी आहे, तिथे लाटा फुटतात, आणि तिथे बंद पडलेले इंजिन होडी उलटवू शकते.

शेवटी कागद. इंजिनावरचा क्रमांक खरेदीच्या पावतीशी जुळतो का, होडीचा नोंदणी क्रमांक मत्स्योद्योग खात्याच्या कागदावरचाच आहे का, आणि पूर्वीच्या मालकाचे कर्ज बाकी नाही ना, एवढे पाहून या तरुणाने सील, इम्पेलर आणि पेटी उघडण्याची मजुरी किमतीतून वजा करण्यास सांगितले. मालकाने थोडा विचार करून ते मान्य केले, आणि पुढची भेट ठरली ती पेटी उघडण्याच्या दिवशी, पैसे देण्याआधी.