बाटलीला फुटलेला घाम

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळा चढलाय. संध्याकाळी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फिरायला गेलात की कोपऱ्यावरचा फलक दिसतो. बर्फाने भरलेला ग्लास, शेजारी बाटली, तिच्यावरून ओघळणारे थेंब. घसा लगेच कोरडा पडतो.

गारवा डोळ्यांना दिसत नाही, श्रोतेहो. दिसतो तो बाटलीला फुटलेला घाम. थेंब पाहिले की ओठांना मागचा गारवा आठवतो. फोटो काढताना मात्र दिव्यांच्या उष्णतेनं खरा बर्फ वितळतो, खरे थेंब घसरून जातात. म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून बाटलीवर फवारतात. तो थेंब तासन्‌तास जागचा हलत नाही. बर्फाचे खडे पुष्कळदा ॲक्रिलिकचे असतात. बाटलीमागे चकचकीत कागद उभा करतात, म्हणजे काळं पेयसुद्धा आतून उजळतं.

हे मी फार आधी पाहिलंय, ग्लिसरीनशिवाय. नववीच्या सुट्टीत मी एका पेंटरकाकांच्या हाताखाली डबे धुवायला जायचो. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ याच गावचे. इथल्या ब्रशाला तेव्हापासूनचं वळण आहे. फ्लेक्स आले आणि ते वळण भिंतींवरून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर गंगावेशीजवळ एका पानपट्टीच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची बाटली रंगवायची होती. मी उत्साहानं पांढरे ठिपके दिले. काकांनी चिंधीनं पुसून टाकले. म्हणाले, "थेंब पांढरा नसतोय पोरा. उजेड येतोय त्या अंगाला बारीक ठिपका, समोरच्या अंगाला फिका रंग, आणि खाली सावली. सावली इसरलास की देवीचे व्रण दिसतात." मग एकेक थेंब त्यांनी स्वतः काढला. खालचे मोठे, वरचे बारीक, एक ओघळलेला.

बाराच्या उन्हात एक दूधवाले मामा रिकाम्या किटल्या घेऊन सायकलवरून आले. (कट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाला असल्या फलकाची गरज कधी लागली नाही, हे माझं ठाम मत.) मामांनी पाय टेकला, भिंतीकडे बघितलं.

"एक गार द्या."

पानपट्टीवाले म्हणाले, "बर्फाची गाडी यायचीय मामा. बाटल्या उन्हानं तापल्यात."

"तापल्यात कशानं? घाम सुटलाय की तिला!" आणि मामांनी भिंतीवर बोट लावलं. बोटाला ओला रंग. क्षणभर त्यांनी बोट पाहिलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, "द्या तशीच."

कोमट बाटली त्यांनी भिंतीकडे बघत, घोट घोट करत, शेवटपर्यंत संपवली. पैसे दिले, किटल्या वाजवत गेले.

काकांनी बारीक ब्रश उचलला आणि बोटानं फिसकटलेला तो थेंब पुन्हा काढला, सावलीसकट.